पिवळ्या लिंबांचा श्रावण

श्रावण लागला की माझं डोकं तापतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे ज्यांना हिरवळ, इंद्रधनुष्य आणि झोपाळे हवे असतील त्यांना इथूनच परत फिरता येईल. शाळेत असताना या महिन्यावर मीही निबंध लिहिले आहेत आणि शाबासकी मिळवली आहे. पण आमच्या जालना जिल्ह्यातला श्रावण मला निबंधातल्यासारखा कधी भेटलाच नाही. काळ्या मातीचा चिखल चपलेला असा धरून बसतो की पाय उचलला तर चप्पल मागेच राहते. सोयाबीनवरच्या फवारणीचा उग्र वास खिडक्या लावल्या तरी घरात येतो. माशा ताटावरून हलत नाहीत. पाऊस येतो तो रुसलेल्या पाहुण्यासारखा, दारातूनच परत जातो, आणि मागे जी वाफ उठते तिच्यात कपडे वाळत नाहीत.

आणि घरोघर उपवास. मी घनसावंगीला एका ज्युनिअर कॉलेजात शिकवते. परवा पहिल्या सोमवारी स्टाफरूममध्ये डबे उघडले, तेव्हा साबुदाणा, भगर, बटाट्याचा कीस, दाण्याचे लाडू अशी पंगत मांडली गेली आणि मी एकटी पोळीभाजीचा डबा घेऊन कोपऱ्यात बसले. शेजारच्या मॅडमनी दरवर्षीप्रमाणे विचारलं, तुमच्यात न्हाई का धरत? मी म्हटलं, नाही. मग त्यांनी प्रेमानं खिचडी पुढे केली. मी म्हटलं, मला पित्त होतं. हे साफ खोटं आहे. मला साबुदाण्यानं काहीही होत नाही, श्रावणानं होतं.

आम्ही बौद्ध. आजोबांच्या पिढीनं देव सोडले, तेव्हा देवांबरोबर उपवासही सोडले. हे महिने आमच्याकडे वर्षावासाचे. संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन, बायका पांढऱ्या साड्या नेसून बसलेल्या, शेवटी सगळ्यांना खीर. उपाशी राहायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही. आमच्या आधीच्या पिढ्या एवढ्या उपाशी राहिल्या की पुढच्या सात पिढ्यांचे उपवास त्यांनीच उरकून टाकले, असं पप्पा म्हणतात. तर अशा घरात एका वर्षी श्रावण शिरला, आणि तो शिरला एका टेबलाच्या कपड्यावर बसून.

दहा-बारा वर्षं झाली. मी बी.एड. होऊन घरी बसले होते, नोकरीचा पत्ता नव्हता, त्यामुळे प्रत्येक गोष्टीचा राग करायला भरपूर वेळ होता. जाफराबादला जुनं पत्र्याचं घर पाडून त्याच जागी आमचं नवं घर नुकतंच उभं राहिलं होतं. आई जवळच्या खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, पप्पा सरकारी कारकुनीतून निवृत्त. आई जालन्याला कसल्याशा ट्रेनिंगला गेली आणि येताना तो कपडा घेऊन आली. घडी पडू नये म्हणून ती गुंडाळी तिनं एसटीत रस्ताभर दोन गुडघ्यांत उभी धरली होती. घरी आल्यावर पाणीसुद्धा न पिता तिनं तो जमिनीवर पसरला आणि आमच्या तोंडाकडे बघायला लागली.

पिवळा धमक रंग. त्यावर मुठीएवढी लिंबं, प्रत्येक लिंबाला दोन पानं, पानांच्या मधून निळ्या चिमण्या, आणि चिमण्यांच्या चोचीत एकेक लाल फूल. कडेनं लाल नागमोडी काठ. वरून प्लास्टिकचा मुलामा, म्हणजे काही सांडलं तर पुसून घ्या. नव्या रेक्झिनसारखा वास. निळी चिमणी तोंडात फूल धरून लिंबाच्या झाडावर बसलेली कुणी पाहिली असेल तर मला जरूर कळवावं. तो कपडा हसत होता. काही माणसं विनाकारण हसत असतात ना, तसा. मला तो पहिल्या क्षणापासून आवडला नाही.

अडचण एवढीच होती की आमच्या घरात टेबल नव्हतं. नालासाठी घोडा घेणं हे मी पुस्तकात वाचलं होतं, त्या महिन्यात डोळ्यांनी पाहिलं. आधी कपड्याच्या मापाचं टेबल आलं, टेबलामागून सहा खुर्च्या आल्या. टेबल मांडल्यावर हॉलची पांढरी भिंत आजारी दिसायला लागली. मग रंगारी आला. आईनं त्याला रंगांचं पुस्तक बाजूला ठेवायला सांगितलं, कपडा भिंतीला लावून धरला आणि एका लिंबावर बोट ठेवलं. तो बिचारा म्हणाला, मॅडम, हा रंग लोक दुकानाच्या शटरला मारतात. पण शिक्षिकेपुढे कोण बोलणार. भिंत पिवळी झाली. मग चिमण्यांसाठी निळे पडदे, नागमोडी काठासाठी लाल उशांचे अभ्रे, फुलांसाठी प्लास्टिकचा गुच्छ, आणि एकूण सगळ्यासाठी पिवळे कप. बुद्धमूर्तीचा कोनाडा तेवढा पांढरा राहिला, तोही पप्पांनी समोर खुर्ची टाकून राखण केली म्हणून. दुपारी ऊन खिडकीतून आत आलं की हॉलमध्ये आमच्या सगळ्यांचे चेहरे कावीळ झाल्यासारखे दिसायचे. पप्पांनी एकदा चष्मा पुसत विचारलं, "हे घर हाय का शरबताचा गिलास?"

आई हसली नाही. तिचं सगळं लक्ष दाराकडून कसं दिसतं याकडे होतं. ती अंगणात जायची, चपला काढल्यासारखं करायची आणि पाहुणीसारखी आत यायची. एक पडदा बोटभर सरकवायची. पुन्हा बाहेर जायची. मी हे दिवाणावर पडून बघायची आणि आतल्या आत जळायची, कारण ही पाहुणी कोण ते मला माहीत होतं.

लतामॅडम. आमच्या शेजारीण, भिंतीला भिंत लागून घर. हसनाबादकडचं जुनं शेतकरी घराणं, चांगली जमीन, आता मुलांच्या शिक्षणासाठी जाफराबादला. आईच्याच शाळेत शिक्षिका. कितीतरी वर्षं दोघी एकाच जीपमध्ये मांडीला मांडी लावून शाळेत गेल्या. आईच्या खांद्यावर डोकं टाकून त्या झोपायच्या. आई टायफॉइडनं पडली तेव्हा तिचे वर्ग त्यांनी सांभाळले आणि रोज संध्याकाळी येऊन खाटेशी बसल्या. वाईट बाई नव्हेत. वाईट असत्या तर माझं काम सोपं झालं असतं. गोड माणसाशी भांडता येत नाही, आणि म्हणून मला गोड माणसांचा फार राग येतो.

सणावाराला त्यांच्याकडून भरलेली वाटी यायची. पुरणपोळी, धपाटे, खीर. सगळं आम्ही चाटूनपुसून खायचो. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, ही आपल्याकडची रीत. आई ती वाटी धुऊन, पुसून, साखर भरून परत करायची. साखरच भरायची असते असं मला बरीच वर्षं वाटत होतं. मग कळलं की साखर दुकानातली असते, कोरडी असते, तिला आमच्या चुलीची धग लागलेली नसते. आमच्या शेवग्याच्या शेंगा त्यांना चालायच्या, कढीपत्ता चालायचा, लिंबं तर हक्कानं तोडून न्यायच्या. एका दिवाळीत आईनं साखरेऐवजी बेसनाचे लाडू भरले. चार दिवसांनी त्यांच्याकडे अंगण झाडणाऱ्या शांताबाई विहारात भेटल्या आणि मनापासून म्हणाल्या, मॅडम, लाडू लई भारी झालते तुमचे. माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. आई म्हणाली, लतामॅडमला शुगर असेल.

आईकडे अशी एक समजूत होती आणि तिच्यावर ती जगत होती. लतामॅडम आपल्याकडे जेवत नाहीत कारण आपलं घरच तसं. जुनं पत्र्याचं, अंधारं, पाहुण्याला पाय पसरायला जागा नाही. अशा घरात एखादीला घास गोड लागत नसेल, यात तिचा काय दोष? घर चांगलं झालं, उजेडाचं झालं, बसायला नीट खुर्ची आणि समोर प्रसन्न कपडा असला की ती जेवेल. मी तिला एकदा सरळ विचारलं की तुला खरंच असं वाटतं का. ती अभ्रे शिवत राहिली. लतामॅडमना एकदा आपल्या हातचं जेवू घालायचं, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी एकेक सबब ती रंगवून काढत होती.

घर सजलं आणि आईनं पहिलं आमंत्रण दिलं. सोमवारचं. श्रावणात सोमवारी शाळा अर्ध्या दिवसाची असते, दोघी दुपारी मोकळ्या, यापेक्षा सोयीचा दिवस कोणता? तिनं वांगी, भाकरी, ठेचा, भात, शेवयांची खीर असा स्वयंपाक केला. लतामॅडम आल्या, खुर्चीत बसल्या, कपड्यावरून हात फिरवला, किती छान, किती छान म्हणाल्या, आणि मग हळूच म्हणाल्या की अहो, आज श्रावणी सोमवार, माझा उपवास. आई त्यांच्याकडे बघतच राहिली. इतकी वर्षं ती शाळेत शिकवत होती, दर श्रावणात सोमवारी दुपारी घरी येत होती, पण शाळा लवकर का सुटते हा प्रश्न तिला कधी पडलाच नव्हता. आमच्या घरात सोमवार म्हणजे नुसता सोमवार होता.

या चुकीनं आई खूश झाली. आता हसावं की रडावं? तिला कारण मिळालं होतं, आणि ते बाईंच्या मनातलं नसून दिवसातलं होतं. चूक आपली, असं ती रात्री जेवताना तीनदा म्हणाली. त्या आठवड्यात तिनं उपवासांचा असा अभ्यास केला की मी बी.एड.लासुद्धा केला नव्हता. शाळेतल्या बायकांना विचारलं, दिनदर्शिका मागून आणली. कोण मंगळवार धरतं, गुरुवार कुणाचा, शुक्रवारी काय चालतं, चतुर्थी कधी सोडायची, एकादशीला भगर का चालत नाही. भाजी निवडता निवडता ती पुटपुटायची. ज्या घरानं हे सगळं ओझं एकदा खाली ठेवलं होतं, त्या घरातली बाई ते पाढ्यासारखं पाठ करत होती, आणि मला त्या पिवळ्या भिंतीवर डोकं आपटावंसं वाटत होतं.

दुसरं आमंत्रण रविवारचं दिलं. रविवारी बहुतेक कुणाचा काही नसतो. लतामॅडम आल्या, बसल्या, या वेळी निळ्या पडद्यांचं कौतुक केलं आणि म्हणाल्या की यंदापासून त्यांनी रविवारही धरला आहे. आईनं मान डोलावली. त्या गेल्यावर तिनं दिनदर्शिकेत रविवारावर बोट ठेवून काही वेळ विचार केला. मी म्हटलं, कळलं का आता? ती म्हणाली, धरतात गं काही काही जणी.

तिसऱ्या वेळी तिनं कमालच केली. दोन स्वयंपाक केले. एक आपला नेहमीचा, आणि एक उपवासाचा: भगर, शेंगदाण्याची आमटी, साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस. आता बाईंनी कोणताही वार सांगितला तरी ताट तयार होतं. सकाळपासून घरात दाणे भाजल्याचा वास कोंडला होता. पप्पा विहारात निघाले होते, ते उंबऱ्यातून परत आले. आमच्या घरात पप्पा आवाज चढवत नाहीत, त्या दिवशीही चढवला नाही. "काय करून राह्यली तू?" ते म्हणाले. "आपल्या बापजाद्यांनी बाहेर काढलेले उपास तू हातानं शिजवून आत आणले. अन् तेबी वर्षावासात." आई खिचडी परतत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते धुराचं म्हणावं तर आमच्याकडे गॅस होता.

लतामॅडमनी दोन्ही स्वयंपाक बघितले. माझ्या मनात आलं, आता पकडली. त्यांच्या कपाळावर घाम आला, हे मी स्वतः पाहिलं आणि मला त्याचा आनंद झाला. मग त्यांची नजर टेबलावरच्या फळांच्या टोपलीवर गेली. त्या म्हणाल्या की या महिन्यात मी फक्त फळांवरच आहे, आणि त्यांनी एक केळं घेतलं. स्वतःच्या हातानं सोललं, साल पदरासारखी खाली सोडत सोडत शेवटपर्यंत खाल्लं. केळं चाललं. ते सालीच्या आत होतं ना. आणि आई, माझी आई, समोर बसून त्यांच्याकडे अशी बघत होती की जणू पंचपक्वान्न जेवतायत. संध्याकाळी तिनं पप्पांना सांगितलं, आज टेबलावर बसून खाल्लं त्यांनी. पप्पांनी पेपर तोंडापुढे धरला.

त्या केळ्यावर मी अजून संतापते. स्टाफरूममध्ये कुणी केळं सोललं तरी मला तो हॉल दिसतो. लोक म्हणतात, काळ बदललाय, आता कुठं राहिलंय तसलं काही. बरोबर आहे. आता कुणी तोंडावर काही बोलत नाही. आता फक्त उपवास असतात, पोट भरलेलं असतं, नुकताच चहा झालेला असतो. शिवी दिली असती तर शिवी देता आली असती. इथं समोरचा माणूस हसत हसत केळं खातो, तुमच्या पडद्यांची तारीफ करतो, आणि तुम्ही वर त्याला आणखी एक केळं घ्या म्हणता.

तो कपडा अजून आहे. जाफराबादला गेले की दिसतो. सध्या कूलरवर धूळ बसू नये म्हणून टाकलेला असतो. उन्हानं चिमण्या फिकट होऊन राखाडी झाल्यात आणि आता मात्र खऱ्या चिमण्यांसारख्या दिसतात. भिंत दोनदा रंगवून झाली, पण खिळा ठोकला की आतून तो पिवळा रंग अजून बाहेर येतो. असो.

श्रावण सरला. पोळा झाला, बैलांच्या शिंगांचे रंग पावसानं रस्त्यावर ओघळले, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीच्या दुपारी, लतामॅडम आपणहून आमच्याकडे आल्या. त्यांच्या मुलीला बघायला जालन्याहून पाहुणे येणार होते. मुलगा इंजिनिअर. आधी पावसाचं बोलल्या, मग कपाशीचं, मग शाळेतल्या नव्या हेडमास्तरांचं. ताकाला येऊन भांडं लपवत होत्या. शेवटी आईनंच विचारलं की काही हवं होतं का. तेव्हा म्हणाल्या, तुमचा तो टेबलाचा कपडा दोन दिवस मिळाला तर बरं होईल. आमचा हॉल अगदी बोडका दिसतो. तुमच्याकडे आलं की कसं प्रसन्न वाटतं.

आईच्या चेहऱ्यावर जे पसरलं त्याला मी अजून माफ केलेलं नाही. इतका आनंद. तिनं लगेच टेबलावरचा गुच्छ उचलला, कपडा काढला, ओल्या फडक्यानं पुसला, गुंडाळी केली. वर म्हणाली की पडदे न्या, अभ्रे न्या, सगळं एकाला एक लागून आहे. लतामॅडमनी पडदे घेते म्हटलं. अभ्रेही घेते म्हटलं. मग आईनं कपाटातून पिवळे कप काढले, सहाच्या सहा, बशांसकट, आणि ट्रेमध्ये मांडून पुढे ठेवले.

"कप नको," लतामॅडम म्हणाल्या. "कप आहेत आमच्याकडं."

फार पटकन म्हणाल्या. पडद्यांचा त्यांनी विचार केला होता, अभ्र्यांचा केला होता, कपांचा केला नाही. पप्पांनी पेपर खाली केला. आई ट्रेकडे बघत उभी राहिली. मला वाटलं आता ती म्हणेल, असतील बाई, कशाला ओझं. ती तशीच आहे. पण तिनं ट्रे बाजूला सरकवला, गुंडाळी सोडली आणि कपडा पुन्हा टेबलावर अंथरला. चारी कोपरे ओढून सरळ केले.

"न्या ना कपडा," ती म्हणाली. "पण आधी बसा. वांग्याची भाजी अन् भाकरी तयार हाय. याच्यावरच वाढते. दोन घास खा अन् मंग घेऊन जा."

लतामॅडम खुर्चीच्या पाठीला हात लावून उभ्या होत्या. त्यांनी खुर्ची ओढली नाही.

"आज माझा उपवास हाय हो, साळवे मॅडम."

"आज कोणताच न्हाई," आई म्हणाली. आवाजात राग नव्हता, वर्गात चुकलेल्या मुलाला सांगावं तसं सांगितलं. "काल श्रावण संपला. हरतालिकेला अजून येळ हाय. अन् करीच्या दिवशी कुणी उपास धरत न्हाई. मला सगळे पाठ झालेत."

लतामॅडमचे डोळे भरून आले होते, हे लिहायची माझी इच्छा नाही, पण आले होते. त्या बघते मी म्हणाल्या, की येते मी म्हणाल्या, नीट ऐकू आलं नाही. चपला घालताना त्यांचा एक पाय चुकला. मग फाटक वाजलं. कपडा टेबलावरच राहिला, आणि पडदे, आणि अभ्रे. पुढे दोघी निवृत्त होईपर्यंत त्याच जीपमधून शाळेत गेल्या. खांद्यावर डोकं टाकून कुणी झोपलं नाही.

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. इतक्या वर्षांचं तुंबलेलं एका वाक्यात वाहून गेलं असं वाटलं. पप्पा उठून आईजवळ आले आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्या पाठीवर हात ठेवून शाबास म्हणाले. मी म्हटलं, कशी जिरवली, कशी गेली बघ शेपूट घालून. आई स्वयंपाकघरात गेली आणि भाजीची कढई घेऊन बाहेर आली. झाकण काढून आत बघत राहिली. वर तेल सुटलं होतं, वांगी अख्खी राहिली होती.

"जेवल्या असत्या तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "आज भाजी लई चांगली झालती."